फिरलेली फरशी

परवाच्या शनिवारी बाबांना आणि माझ्या लेकीला घेऊन मॅनहॅटनमधल्या एका म्युझियममध्ये गेले होते. जर्सी सिटीत, आमच्या अठराव्या मजल्यावर बसून बाबा पार कंटाळले होते... बाहेर कडाक्याची थंडी, टीव्ही तरी किती बघणार!

बाबा इचलकरंजीचे. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत फरशी बसवली. गुडघे त्यातच गेले... आणि माझं इंजिनिअरिंगही त्यातूनच झालं.

पण खरं सांगते, इथे कोणी विचारलं की मी "बाबा कन्स्ट्रक्शनमध्ये होते" एवढंच म्हणायचे. लोक बिल्डर समजायचे... मी समजू द्यायचे.

मोठमोठ्या पेंटिंग्जसमोरून बाबा नुसते चालत होते. एका छोट्या खोलीत मात्र थबकले. भिंतीवर जलरंगातलं एक चित्र होतं... इंग्लंडमधल्या एका जुन्या चर्चची नक्षीदार फरशी.

मूळ फरशी मध्ययुगातली, झिजून फुटून गेलेली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात कोणीतरी उरलेल्या तुकड्यांवरून ती अख्खी कशी दिसत असेल, ते रंगवलं होतं. विटकरी रंगावर पिवळसर पानं... चार फरश्या जुळल्या की एक गोल.

बाबा इतके जवळ गेले की तिथल्या व्हॉलंटिअर आजी लगबगीने आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार!

"ही बघ," बाबा हात पाठीमागे बांधून म्हणाले, "ही एक फिरलीय." खरंच की... कडेच्या ओळीत एका फरशीचं पान उलट्या दिशेला होतं.

इरा, माझी दहा वर्षांची लेक, लगेच म्हणाली, "सो द आर्टिस्ट मेड अ मिस्टेक?"

"चित्रकार नाही चुकला गं. मनानं काढली असती तर सरळच काढली असती की! त्यानं खऱ्या फरशीवरनं उतरवलंय. चूक बसवणाऱ्याची... दिवसभर उकिडवं बसलं की संध्याकाळी डोळे शिणतात. मग फिरते एखादी. माझीही फिरलीय."

मी आजींना हे इंग्रजीत सांगितलं. त्या चित्राशी वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, इतकी वर्षं इथे उभी राहते, मला कधी दिसलं नाही... हे आर्किटेक्ट आहेत का?

नेहमीचं "कन्स्ट्रक्शन" अगदी ओठांवर आलं होतं. मग म्हणाले, "नाही. माझे वडील फरशी बसवायचे. स्वतःच्या हातांनी."

आजींनी दोन्ही हातांनी बाबांचा हात धरला. बाबा लाजले... असं लाजलेलं मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं.

"आजोबा, मग तुमची ती राँगवाली... काढली?" इराने विचारलं.

"काढायलाच गेलो होतो. घर एका शिक्षिकाबाईंचं. त्या म्हणाल्या, राहू दे मिस्त्री, एवढ्या फरशीत ही एकच तुमची ओळख सांगेल." बाबा हसले. "अजून असेल तिथं."

ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. पस्तीस वर्षांत हा माणूस किती घरांत गेला असेल... आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या आजींचं नावही विचारायचं राहून गेलं, पण त्यांचे मनापासून आभार.

बाबा पुढच्या महिन्यात परत जातील. तोपर्यंत रोज जेवताना एक घर, असं इराने ठरवून टाकलंय. काल कुरुंदवाडच्या एका डॉक्टरांचं स्वयंपाकघर झालं...