सावली शिकायला सौसरला

माझं आयुष्य बदललं ते मागच्या वर्षी मे महिन्यात, दुपारी अडीच वाजता. सौसरची वैजयंता आमच्या शेजारी, शकुनकाकूंकडे, म्हणजे तिच्या मावशीकडे आली होती. बसस्टँडपासून चालत आली, पिशवी खाली टेकवली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या पांढुर्ण्यात माणसं राहतात का पापड वाळू घालतात?"

मला राग आला आणि प्रेमही जडलं, दोन्ही एकाच मिनिटात. मी मुळात लवकर तापतो. नागपूरचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, तेही वर्गातली खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून सरांशी भांडून. ओट्यावरूनच ओरडलो, "पुढच्या उन्हाळ्यात या, सावलीत बसवतो!"

जुलैत कडुनिंबाची तीस रोपं आणून गल्लीत लावली. हिवाळाभर छान होती. मग संत्र्याच्या बगीच्यावाले भाऊरावकाका म्हणाले, "आता ताण दे. पाणी तोड. पानं मलूल होऊ दे, मंग एकदम पाणी सोड. पाह्य कसं फुटते!" बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: संत्र्याला बहर यावा म्हणून आमच्याकडे काही दिवस झाडाचं पाणी मुद्दाम तोडतात. पण ते संत्र्याचं, आणि तेही मोठं झाड. माझी रोपं गुडघ्याएवढी. महिनाभर ताण दिला, तीसच्या तीस काटक्या झाल्या. यंदा वैजयंता आली, गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि छत्री उघडली. ते पापडापेक्षा जास्त लागलं.

तिचे बाबा सौसरात रस्त्याकडेची झाडं सांभाळतात, असं काकूंकडून कळलं. जूनच्या पहिल्या सोमवारी निघालो. कामं दोन होती: झाड कसं जगवायचं ते विचारणं आणि पोरगी मागणं. आधी कोणतं, ते ठरलं नव्हतं.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी सातची बस धरा. तिकीट चार रुपये. कानाला दुपट्टा आणि खिशात कांदा हवाच. पुढच्या बाकावर बसू नका. बस उगवतीकडे जाते, ऊन थेट डोळ्यांत. मी एक वाळलेलं रोप मुळासकट कागदात गुंडाळून घेतलं होतं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "दातवण विकाले चालला का, बापू?"

"नमुना हाये, आजी. माझ्या कामाचा."

"मंग लय चांगलं काम करून राहिला!"

अख्खी बस हसली. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. संत्र्याच्या बगीच्याजवळून बस गेली की वारा गार लागायचा. उघडं काळं रान आलं की चुलीसारखा भपका. दोनशे पावलांत दोन ऋतू. हे मी कॉलेजात शिकलो नव्हतो. अर्थात, कॉलेजात मी फार काही शिकलो नव्हतो.

सौसरच्या स्टँडवर आलूबोंडा खा, चहा आठ आण्यांत मिळतो. मग वैजयंताची गल्ली. दोन्ही बाजूंना कडुनिंब, खाली बाजा टाकलेल्या, बाया गहू निवडताहेत. मी रस्त्यात चप्पल काढून उभा राहिलो. पाय भाजला नाही. हेवा वाटला.

तिचे बाबा, तुळशीराममामा, दारातच भेटले. "जयभीम, मामा," म्हणत रोप पुढे केलं. त्यांनी नखानं साल खरवडली.

"ताण देला?"

"भाऊरावकाका म्हणे…"

"लहान पोराले उपाशी ठेवून कोनी पहेलवान करते का?"

मग गल्लीभर फिरवलं. प्रत्येक घराच्या मोरीतून एक बारीक चर निघून झाडाच्या आळ्यात जातो. आंघोळीचं पाणी वाया जात नाही. नव्या रोपाशेजारी मातीत मडकं पुरलेलं, बुडाला भोक, भोकात चिंधी, वर झाकण. दर तिसऱ्या दिवशी भरायचं. "गावात पत्रे वाढले, स्लॅब वाढले," मामा म्हणाले, "विहिरी खाली चालल्या, ऊन दरसाल चढून राहिलं. झाडं लावनारे लय हायेत, बापू. दुसऱ्या उन्हाळ्यात कोनी दिसत नाई."

जेवायला बेसनाच्या पातोडीची भाजी, भाकर आणि पन्हं होतं. भाजी तिखट होती की मी घाबरलो होतो, कोण जाणे; ठसका लागता लागता दुसरं काम बोलून टाकलं. "मामा, मले वैजयंताशी लगन कराचं हाये."

मामांनी भाकर मोडली. "तिलेच इचार."

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पळी घेऊन उभीच होती. "कॉलेज अर्ध्यात सोडलं. झाडं अर्ध्यात सोडली. मले कितव्या महिन्यात सोडसान?"

डोकं तापलं. ताट सरकवून म्हणालो, "पुढल्या उन्हाळ्यापर्यंत शंभर झाडं लावून नाही दाखवली तर…"

"झालं सुरू!" ती म्हणाली. "एक. एकच झाड जगवा. दोन उन्हाळे निघू द्या त्याचे, मंग या."

"दोन उन्हाळे?"

"मी बी.ए. करून राहिली. मले घाई नाई."

ताट परत पुढे ओढलं. उपाशीपोटी भांडायचं नाही, एवढं तरी त्या घरात शिकलो.

परतीच्या बसमध्ये अर्ध्या रस्त्यापर्यंत चिडलेला होतो. मग हळूहळू उमगलं की ती 'नाही' म्हणाली नव्हती. तर सौसरहून आणलं काय? मांडीवर मामांनी दिलेलं एक मडकं आणि डोक्यावर दोन उन्हाळे. दोन्हींपैकी मडकं हलकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठतो तर घरात भाऊरावकाका आणि गल्लीतले चौघं बसलेले.

"बरं झालं, उठला! मागं तीस गेली, औंदा शंभर झाडं. समिती केली, अध्यक्ष तू. फोटोवाला सांगून ठेवला," काका म्हणाले.

कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा बाबा माझ्याकडे पाहून हसले. खोटं कशाला बोलू, 'अध्यक्ष' ऐकून छाती फुगली. तरी विचारलं, "पन काका, त्याइले पाणी कोन टाकन?"

"ते पाहू मंग," काका म्हणाले. "आधी फोटो."

तोंडावर आलेलं सगळं गिळलं. शकुनकाकूंच्या भिंतीशी आपोआप उगवलेलं बोटभर कडुनिंब मी पाहून ठेवलं होतं. त्यांच्या मोरीपासून त्या रोपापर्यंत चर खणायचा होता, ऊन चढायच्या आत. काखेत मडकं घेतलं, कोपऱ्यातली कुदळ उचलली.

"अबे, अध्यक्ष कुठी चालला?" बाबा ओरडले.

मी बाहेर पडलो आणि मागे दार ओढून घेतलं.