मागच्या काचेवरची मेंढरं

नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी मिरजेहून जतला रोज मोटारीनं ये-जा करायचो. संध्याकाळी मिरजेत आल्यावर दवाखान्यात आईला डबा देऊन गाडीपाशी परतेपर्यंत मागच्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटानं मेंढरं काढून ठेवायचं. गाडीला कुणी हात लावलेला मला खपत नसे. एकदा चोर सापडला. पटका बांधलेला म्हातारा धनगर होता. मी भडकलोच.

त्यानं ओशाळून बोट धोतराला पुसलं.

"रागावू नगासा, सायेब. बायकू आत हाय, लय दिस झालं. ही धूळ आमच्या जतची. बोट लावलं की घरी गेल्यावानी वाटतंय."

त्यानंतर मी ती काच पुसायची सोडून दिली.

एका संध्याकाळी तो दिसला नाही. काचेवर मात्र मेंढरांमागं पहिल्यांदाच दोन माणसं चालत होती. एकाच्या डोक्यावर पटका होता, दुसरीच्या डोक्यावर पदर.