जनरल रजिस्टरची पहिली पानं

फादरांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत बसले होते. आपल्या धर्मग्रामाला, म्हणजे चर्चच्या पॅरिशला, पन्नास वर्षं होताहेत, स्मरणिका काढायची आहे, चर्चचा आणि शाळेचा इतिहास तुम्ही लिहाल का, असं त्यांनी विचारलं. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. फादर तरुण आहेत, बदलून येऊन त्यांना दोनच वर्षं झालीत. त्यांना वाटलं, केवढी ही श्रद्धा. "देव तुमचं भलं करो, मॅडम," म्हणाले.

श्रद्धा वगैरे काही नव्हतं. एका बाईला मी चाळीस वर्षांहून जास्त काळ विसरले नव्हते आणि तिला गाठायची वाट मला पहिल्यांदाच दिसली होती.

आमचं चर्च नाशिकच्या पश्चिमेला, कारखान्यांच्या पट्ट्यात आहे. कारखाने आले तेव्हा त्यांच्यामागे संगमनेर, राहुरीकडच्या मिशनच्या गावांतून आमच्यासारखी माणसं आली. माझे वडील कारखान्यात लेथ मशीनवर होते. सुरुवातीला मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, एका कामगाराच्या खोलीत व्हायचा. शहरातल्या जुन्या चर्चमधले फादर फटफटीवर यायचे आणि पलंग भिंतीला उभा करून जागा करावी लागायची. मग प्लॉट मिळाला आणि त्यावर पत्र्याची शेड उभी राहिली. रविवारी ती चर्च असायची. सोमवारी सकाळी वेदीपुढे पडदा ओढायचा, गोणपाटं अंथरायची, की ती शाळा.

ती शाळा माझ्या आईने चालवली. सातवी झाल्यावर तिने मिशनमध्ये मास्तरीणबाईचं शिक्षण पुरं केलं होतं. शाळा सुरू केली तेव्हा मी तिच्या कडेवर होते. ती कामगारवस्तीत दारोदार फिरली आणि पोरं गोळा केली. कॅथलिक घरातली थोडी, बाकीची मराठा, वंजारी, मुसलमान घरांतली. चिंचोक्यांवर ती आकडे शिकवायची आणि जमिनीवर राख पसरून अक्षरं. तिला सगळे बाई म्हणायचे. रस्त्यात भेटलेला बाप्या माणूसही सायकलवरून खाली उतरायचा.

वस्ती वाढली तशी शाळा वाढली. शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले, त्यांनी आईचं रजिस्टर पाहिलं आणि शाळेला मान्यता मिळाली. मग बांधकाम सुरू झालं, शाळेचे वर्ग आणि शेजारी पक्कं चर्च. आईने पोरांना रांगेत उभं करून हातोहात विटा वाहून नेल्या. मी सात वर्षांची होते आणि माझ्या वाट्याला अर्धी वीट आली होती.

इमारत पुरी झाली त्या जूनमध्ये नव्या हेडमिस्ट्रेस आल्या. शहरातल्या एका जुन्या कॉन्व्हेंटमधून आणलेल्या, जेमतेम चाळिशीच्या, ताठ मानेच्या. त्यांना सगळे मिस म्हणायचे. शाळा आता इंग्रजी होणार होती. खरं सांगायचं तर वस्तीलाही तेच हवं होतं, माझ्या वडिलांनाही. पण मिसने आईला ऑफिसात बोलावून सांगितलं की तुम्हाला इंग्रजी येत नाही, तुम्ही इथे शिकवू शकणार नाही.

आई म्हणाली, ठीक आहे, मग मला सहा वर्षं शिकवल्याचा दाखला द्या, मी पालिकेच्या मराठी शाळेत अर्ज करते.

मिस म्हणाल्या, "शेडमधली वर्षं शाळेत धरत नाहीत. तिथे शाळा नव्हतीच."

दाखला मिळाला नाही. वडिलांच्या कंपनीला त्याच महिन्यात टाळं लागलं. आठ दिवसांनी मिसने निरोप पाठवला: आयाची जागा आहे, आयाच्या मुलीला फी माफ असते. आई निळी साडी नेसून कामाला लागली. जिथे तिने विटा वाहून आणल्या होत्या तिथली फरशी ती पुसू लागली, आणि ज्यांना तिने अ आ शिकवलं होतं ती पोरं तिला मावशी म्हणू लागली.

मला मिसने पहिल्याच आठवड्यात टेबलासमोर उभं केलं. "शाळेत तिला आई म्हणायचं नाही. सगळी मुलं काय म्हणतात?"

"मावशी."

"मग तूही तेच म्हणायचं."

मी दहावी होईपर्यंत तेच म्हटलं.

स्मरणिकेच्या कामासाठी मी शाळेत गेले तेव्हा आताच्या प्रिन्सिपल सिस्टरांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. सगळ्यात वर धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवाची पुस्तिका होती. ती मिसनेच लिहिली होती, रिटायर व्हायच्या आधी. त्यात सुरुवातीच्या सहा वर्षांवर एक ओळ होती: काही स्थानिक महिला अनौपचारिक वर्ग घेत असत. महिला, अनेकवचनी. नाव एकीचंही नाही.

खालच्या फळीवर लाल कापडी पुठ्ठ्याचं जनरल रजिस्टर सापडलं. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्यात असते, अगदी एक नंबरपासून. मी ते उघडलं. पहिली सगळी पानं आईच्या अक्षरात होती. किंचित उजवीकडे झुकलेलं, एकही खाडाखोड नसलेलं अक्षर. सहाव्या वर्षाच्या शेवटच्या पानावर तपासणीच्या साहेबांचा शेरा आणि सही होती, नोंदी चोख असल्याचा आणि मान्यतेची शिफारस केल्याचा. त्याच पानाच्या खाली रेघ ओढून मिसच्या अक्षरात पुढचा नंबर सुरू झाला होता.

म्हणजे त्यांनी नंबर पुन्हा एकपासून सुरू केले नव्हते. शेडमधली शाळा त्यांनी मोजली होती. फक्त शेडमधली बाई मोजली नव्हती. आईला दाखला नाकारला तेव्हा हे रजिस्टर त्यांच्या टेबलाच्या खणात होतं.

मी सिस्टरांना विचारून सगळ्या पानांचे फोटो काढले. शिकारीला जाणारा माणूस हत्यार तपासतो तसे ते एकेक मोठे करून पाहिले.

मिस गंगापूर रोडला भाचीकडे राहतात. चौऱ्याऐंशी वय, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. मी प्राध्यापक, इतिहास लिहिते आहे, एवढंच भाचीला फोनवर सांगितलं होतं. मिसने मला ओळखलं नाही. द्राक्षांची बशी पुढे सरकवून त्या तासभर बोलल्या. लॅब कशी आणली, पहिली बॅच कशी चमकली, पालकांना वेळेवर यायला कसं शिकवलं. सगळं खरं होतं. त्यांनी शाळा वाढवली, हे मी नाकारत नाही, आणि लिहितानाही नाकारलं नाही.

मग मी विचारलं, "शाळेच्या पहिल्या शिक्षिका कोण?"

"मीच. माझ्याआधी शाळा नव्हती, शेड होती."

"शेडमध्ये कोण शिकवायचं?"

"होती एक बाई गावाकडची. इंग्रजीचा गंध नाही. पण मी तिला वाऱ्यावर सोडलं नाही हं, आयाच्या कामावर ठेवून घेतलं. त्या लोकांना तेवढंही पुष्कळ होतं."

"तिने दाखला मागितला होता का?"

"मागितला असेल. दिला असता तर ती गेली असती ना. एवढी कामसू बाई कुठे मिळते?"

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांनी आईला कमी लेखलं. त्यांनी तिची किंमत बरोबर ओळखली होती, म्हणूनच अडकवून ठेवलं होतं.

मी शब्दन् शब्द लिहून घेतला, त्यांना वाचून दाखवला आणि खाली सही मागितली. त्यांनी चष्मा लावून सही केली. आपण काही गैर बोललो असं त्यांना वाटलंच नव्हतं. वही पिशवीत टाकल्यावर मी म्हटलं, "मिस, ती बाई माझी आई."

त्यांनी चष्म्यातून मला नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "तू प्रोफेसर झालीस ना? माझ्याच शाळेत शिकून झालीस."

"मराठीची झाले," मी म्हटलं आणि उठले.

इतिहास लिहायला मला तीन आठवडे लागले. विशेषणं वापरायची नाहीत एवढं एकच पथ्य पाळलं. एका पानावर आईच्या अक्षराचा फोटो, त्याखाली साहेबांचा शेरा, समोरच्या पानावर मिसचं बोलणं त्यांच्याच शब्दांत, सहीसकट. फादरांनी ते वाचलं आणि मला चर्चच्या ऑफिसात बोलावलं.

"मॅडम, हे ज्युबिलीचं वर्ष आहे. क्षमेचं वर्ष."

"क्षमा कोणी मागितली आहे का, फादर?"

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. म्हणाले, "निदान तुमच्या आईंना एकदा विचारू या. त्यांनाच नको असेल तर?"

त्यांना खात्री होती की आई नको म्हणेल. मलाही थोडी भीती होतीच. मी आईला काहीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फादर घरी आले. आई लसूण सोलत बसली होती. मी तिच्यासमोर सगळं वाचून दाखवलं. ती मध्ये एकदाच बोलली, शेडला खिडक्या दोन नव्हत्या, एकच होती, ती दुरुस्त कर म्हणाली. 'एवढी कामसू बाई कुठे मिळते' हे वाक्य आलं तेव्हा तिचा हात थांबला आणि परत चालू झाला.

वाचून झाल्यावर फादर हळूच म्हणाले, "आजी, तुम्ही तर त्यांना केव्हाच माफ केलं असेल."

"नाय," आई म्हणाली. "आमच्या बापा ही प्रार्थना म्हणताना ती अपराध्यांना क्षमा करायची ओळ येती ना, तिथं मी गप बसते. पयल्यापासून. देवासमोर खोटं कशाला बोलायचं?"

मी तिच्या शेजारी बसून इतकी वर्षं मिस्सा ऐकला होता, पण माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मी मनातल्या मनात जिंकले होते. तेवढ्यात आई माझ्याकडे वळली.

"पण यात एक ऱ्हायलंय. तू मला मावशी म्हणायचीस ते कुठं हाय?"

"मिसने तसं सांगितलं होतं हे लिहिलंय की."

"तिनं सांगितलं ते लिहिलंस. तू म्हणालीस ते नाय लिहिलं. चौथीत असताना तुला ताप भरला, तू वर्गात ओकलीस, मी बादली घेऊन आले. मिस तिथं नव्हती, दुसरं मोठं माणूस कोणी नव्हतं. मी तुझं कपाळ पुसाया लागले तर तू काय म्हणालीस?"

मला आठवत होतं. रोज आठवत होतं. मैत्रिणी बघत होत्या, म्हणून मी तिचा हात कपाळावरून बाजूला केला होता आणि म्हटलं होतं, मावशी, पाणी आणा. तिने पाणी आणून दिलं होतं. घरी आल्यावर त्याबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. मी समजत होते की ती विसरली.

"सगळं लिहायचं तर सगळं लिही," आई म्हणाली. "नायतर ते बी तिच्यासारखंच झालं."

फादर उठले. दाराशी जाऊन म्हणाले, "जसं आहे तसं छापू या." मी त्या दुपारी एक परिच्छेद वाढवला. तो लिहिताना मिसवरचा राग कमी झाला का? नाही झाला. उलट वाढला, कारण मला तसं बनवायलाही त्याच कारणीभूत होत्या, असं मला वाटलं. पूर्ण खरं नसेल ते. वाटलं मात्र तसंच.

ज्युबिलीच्या रविवारी शाळेच्या मैदानावर मांडव होता. बिशप आले होते, बँड होता, मागे बिर्याणीची पातेली होती. मिसना व्हीलचेअरवरून पहिल्या रांगेत आणून बसवलं. आई दहाव्या रांगेत, माझ्या शेजारी, मोतिया रंगाच्या साडीत. मिस्सा झाल्यावर स्मरणिका वाटल्या.

आमच्याकडे रीत आहे. कार्यक्रम संपला की माजी विद्यार्थी रांगेने मिसच्या पाया पडतात. रांग लागली. पण लोक हातातलं पुस्तक चाळत उभे होते आणि रांग पुढे सरकेना. मग एक टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस रांगेतून बाहेर पडला आणि खुर्च्यांमधून वाट काढत आईकडे आला. शेडमधला होता, पहिल्या पानावरचा. "बाई," म्हणाला आणि वाकला. त्याच्यामागून एक बाई आली, बुरख्यातली, तिने आईचे दोन्ही हात धरले. मग येतच राहिले. शेडनंतर शिकलेलेही आले, ज्यांनी तिला फक्त बादलीसकट पाहिलं होतं.

मी आईकडे बघत नव्हते. मी मिसकडे बघत होते. त्यांच्यासमोर पाच-सहा जण उरले होते. आशीर्वादासाठी उचललेला हात त्यांनी मांडीवर ठेवला, मान वळवून रांग कुठे गेली ते पाहिलं, आणि मग मांडीवरची स्मरणिका उघडून वाचू लागल्या. भाची त्यांच्या कानाशी काहीतरी सांगत होती, त्यांनी हातानेच तिला गप्प केलं. मला वाईट वाटायला हवं होतं, चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. वाटलं नाही. मी बिर्याणी दोनदा घेतली.

महिन्याभराने भाचीचा फोन आला. आत्याला तुमच्या आईंना भेटायचं आहे, तुम्ही त्यांना घेऊन याल का? मी फोन हाताने झाकून आईला विचारलं.

"मी नाय जाणार. तिला यायचं तर येऊ दे. आपल्याकडं लिफ्ट नाय ते सांग."

मी सांगितलं. कोणी आलं नाही. त्याऐवजी मिसचं पत्र आलं, फादरांच्या नावे, अस्खलित इंग्रजीत, तीन पानी. स्मरणिकेतल्या मजकुरामुळे आपली बदनामी झाली आहे आणि शाळेने खुलासा छापावा, अशी मागणी होती. फादरांनी ते माझ्याकडे आणून दिलं आणि काय करायचं ते तुम्हीच ठरवा म्हणाले.

मी मराठीत एका ओळीचं उत्तर लिहिलं. यातलं कोणतं वाक्य चुकीचं आहे ते कळवावं, ते मी दुरुस्त करीन. आईने ते वाचलं, एक अनुस्वार राहिला होता तो घातला, आणि पाकीट स्वतः बंद केलं.

त्याला आता पाच महिने झाले. उत्तर आलेलं नाही. भाचीकडून कळतं की तब्येत ठणठणीत आहे. मला बरं वाटतं. त्या खूप जगाव्यात असं मी खरोखर मनापासून म्हणते, आणि ती स्मरणिका त्यांच्या उशाशी असावी.