चौथ्या नंबराचा सत्कार

आमच्या शाळेच्या खेळाच्या सरांच्या एका खिशात शिट्टी असे आणि दुसऱ्या खिशात उकडलेलं अंडं. शिट्टी कधीकधी घरी राहायची, अंडं कधीच नाही. रोज संध्याकाळी पाचला सराव सुरू व्हायचा आणि संपला की ते अंडं सर सगळ्यात दमलेल्या पोरीच्या हातावर ठेवायचे. पहिल्या आलेलीच्या नव्हे, दमलेलीच्या. पोरं त्यांना अंडेसर म्हणत, आणि पुढेपुढे आम्ही शिक्षकही तेच म्हणू लागलो. मी त्याच शाळेत, तलासरीत, मराठी शिकवायचो. शिवाय डहाणूपासून उधव्यापर्यंत कुठेही सत्कार, उद्घाटन, शोकसभा असली की सूत्रसंचालन माझ्याकडे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या जिभेचा मोठा वाटा आहे.

ऑलिम्पिक आलं की आमच्या शिक्षकखोलीत देशभक्तीला उधाण यायचं. एवढा मोठा देश आणि पदकं एवढीशी, आजकालच्या पोरांत जिद्दच नाही, असं मी चहा पिता पिता ठणकावून सांगायचो. अंडेसर पदकांची यादी वाचायचे आणि भलतेच प्रश्न विचारायचे. ह्या पहिल्या नंबरच्या देशात पोरगी शाळेत येते कशाने, बसने की पायी? दुपारी तिला दूध कोण देतं? पाय मुरगळला तर डॉक्टर किती लांब? आम्ही हसायचो. एकदा गणिताच्या बाईंनी विचारलं, म्हणजे पैसा असला की पदक मिळतं, असंच ना सर?

"पैसा लागतोच," सर म्हणाले. "पण एकदम नाही लागत, रोज लागतो. पदक नसतं तेव्हासुद्धा तिथे दूध येतं, बस येते, वेळ मोजायला माणूस येतो. आपल्याकडे पदक आल्यावर सगळे येतात."

आता आमच्याकडे काहीच येत नव्हतं असं म्हटलं तर पाप लागेल. तालुक्याच्या क्रीडासंकुलाची कोनशिला दोनदा बसली. दोन्ही वेळा नारळ मीच पुढे केला होता. त्या दगडांना टेकून आजही शेळ्या निवांत रवंथ करतात. मग एक दिवस कुठल्याशा योजनेतून शाळेत ट्रेडमिल आली, जागच्या जागी पळायचं यंत्र. डोंगरातल्या पाड्यांवरून तास-तास चालत येणाऱ्या पोरींना आता यंत्रावर चालता येणार होतं! वीज असली तर. मोडेल म्हणून मुख्याध्यापकांनी ती कुलपात ठेवली. तिचं लाकडी खोकं मात्र सरांनी मागून घेतलं आणि घरामागे त्याचा कोंबड्यांचा खुराडा केला. कोंबड्या वाढल्या, अंडी वाढली, शिट्टी गळ्यात गेली आणि सरांचे दोन्ही खिसे फुगले. त्या योजनेचा पोरींना जो काही लाभ झाला तो एवढाच.

रसिला ही उधव्याकडची. आईबाप दोघंही मोसमात घोलवडच्या वाड्यांत चिकू काढायला जायचे, म्हणून घरचं पाणी, लाकडं, धाकटी भावंडं हिच्याकडे. तरी पाचच्या सरावाला ती कधी चुकली नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतीत जिल्ह्यात पहिली आली आणि राज्यस्पर्धेला निवडली गेली. तिथे पहिल्या तिघींत आली असती तर क्रीडा वसतिगृहात जागा होती. राहणं, खाणं, शिकवणारा माणूस, सगळं रोजच्या रोज. सर त्या दिवसांत झोपले नसावेत.

आणि आम्ही काय केलं? सत्कार ठेवला. निवड झाल्याबद्दल, डहाणूला, निघायच्याच दिवशी. दुपारची गाडी धरायची, मुंबईहून रात्रीची पुण्याची, सकाळी सातला मैदानावर हजेरी. कार्यक्रम अर्ध्या तासाचा, असं ठरलेलं. प्रमुख पाहुणे साहेब हायवेवर अडकले. रिकामा माईक आणि भरलेला मंडप दिसला की माझं भान सुटतं. मी रसिलाला वारा म्हटलं, वीज म्हटलं, हरिणी म्हटलं. सरांनी खालून मनगटावरचं घड्याळ दाखवलं. ती मला दाद वाटली. मग साहेब आले, तेही बोलले, शाल झाली, फोटो झाले, शाल नीट आली नाही म्हणून पुन्हा झाले. आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा फलाट रिकामा होता.

लाजेकाजेस्तव मीही बरोबर गेलो. मिळेल त्या गाड्या बदलत दहाला मैदानावर पोचलो. शर्यत आटोपली होती. रसिला पायरीवर बसून हमसून हमसून रडली. शाल अजून तिच्या पिशवीतच होती. सरांनी खिशातून अंडं काढलं, सोललं आणि तिच्या हातात दिलं. मी पुटपुटलो, माझं चुकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मास्तर," ते म्हणाले, "पळणाऱ्या मुलीला आपण दोन तास उभं करून ठेवलं."

पुढल्या वर्षी रसिला पुन्हा निवडली गेली. सरांनी ही बातमी चोरीच्या मालासारखी लपवली. रजा टाकली, कारण लिहिलं, चिकूची कलमं आणायची आहेत. आणि घोलवडहून मुंबईला चिकू नेणाऱ्या टेम्पोत, खोक्यांच्या सोबतीने, दोघं एक दिवस आधीच निघून गेले. टेम्पोवाला त्यांचाच जुना विद्यार्थी, तोही कुठे बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला.

"चौथी आली," ते म्हणाले. "बरं झालं, चौथ्या नंबराचा सत्कार नसतो."

तिसरीच्या आणि हिच्यामध्ये जे अंतर राहिलं, ते हुकलेल्या वर्षाचं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

रसिला शिकत राहिली आणि खेळाची शिक्षिका होऊन आमच्याच शाळेत आली. सर निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभ नको म्हणून त्यांनी आदल्या दिवसापासून रजा टाकली होती. गेल्या वर्षी ते गेले. शोकसभा शाळेतच होती. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे, आणि साहेब अर्थातच वाटेत. मी चार पानं लिहून आणली होती. दुसऱ्या पानावर होतो तेव्हा रसिला उठून माझ्याजवळ आली. तिच्या पंजाबी ड्रेसचे दोन्ही खिसे फुगलेले होते.

"सर, पाच वाजले," ती हळूच म्हणाली.

मी पानांची घडी घातली आणि माईक बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा. पोरं उठली, फोटोला हात जोडून रांगेने बाहेर पडली, आणि त्यांच्यामागून पाड्यांवरची माणसंही पळणाऱ्या पोरी बघायला गेली. साहेब आले तेव्हा मंडपात मी आणि सरांचा फोटो, दोघंच होतो.

"लोक कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

"मैदानावर," मी म्हणालो. "सराव आहे पोरांचा. रोज असतो."