ब्युरेटपुढे वशिला चालत नाही

सुलभा इंगळे मॅडमना मी प्रथम पाहिलं ते मेहकरच्या कनिष्ठ महाविद्यालयात, प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी. मी रसायनशास्त्र शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. ब्युरेटचं, म्हणजे थेंब मोजून सोडणाऱ्या काचनळीचं, रीडिंग आधीच पोरांच्या कानात सांगायचं, म्हणजे सगळ्यांना पैकीच्या पैकी, हा रिवाज मला ठाऊक होता. मॅडमनी तो मोडीत काढला होता. प्रत्येकाच्या बाटलीत वेगळ्या संहतीचं, कुठे सौम्य कुठे तीव्र, आम्ल! शेजाऱ्याचा आकडा चोरून उपयोग शून्य.

बाहेरून आलेले परीक्षक संतापले. पूनम नावाच्या मुलीचं उत्तर इतरांहून फारच वेगळं, म्हणून ते तिचे गुण कापायला निघाले. तिला पुढे शिकवायचं की नाही, हे घरचे याच गुणांवर ठरवणार होते. प्राचार्य धावत आले.

"मॅडम, काऊन ताणता? निकाल खाली येईन ना!"

"येऊ द्या. आम्लाले जेवढी अल्कली लागते तेवढीच लागते, इथं वशिला चालत नाही. पोरगी पुन्हा करून दाखवते."

पूनम सारखी परीक्षकांकडे पाहत होती. "साहेबाकडे पाहू नको वं, फ्लास्ककडे पाह्य," मॅडम म्हणाल्या. थेंब थेंब पडत गेला, फिक्का गुलाबी रंग टिकला आणि पोरीनं तोटी बंद केली. आकडा तोच आला. मॅडमनी बाटलीतल्या आम्लाची संहती सांगितली; परीक्षकांनी स्वतः हिशोब केला, तो जुळला. गुण द्यावेच लागले. माझी तर छाती फुगली होती.

पहिल्या एसटीनं उपाशी येणाऱ्या पोरांना मॅडम आपल्या डब्यातलं खाऊ घालत आणि घास तोंडात असतानाच शिकवत. "भाकर उरली अन् ठेचा सरला, त जेवण थांबते ना बे? अभिक्रिया बी तशीच, एक पदार्थ सरला का थांबते." पोरं हे कधी विसरली नाहीत.

आज मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. निवृत्त होऊनही दर शनिवारी प्रयोगशाळेत येतात. काही वजनदार मंडळींना ते खुपतं. पोरं शहरातल्या क्लासला जातात, प्रयोग हवेत कशाला, आकडे वाटून टाका, असा त्यांचा यंदाचा निरोप आहे. विभागप्रमुख म्हणून मी या वाढदिवसाच्या लेखात छापील उत्तर देतो: वाटणार नाही. काय करायचं ते करा.

मॅडमना निरोगी शंभरी लाभो. आणि या मंडळींचीही तब्येत ठणठणीत राहो. त्यांना अजून चाळीस वर्षं मॅडमना तोंड द्यायचं आहे.