यंदा त्यांनी देणगी मागितलीच नाही

विहिरींचं पाणी तपासणारी आपल्या नागपुरातली एक छोटी संशोधन संस्था आहे. दरवर्षी देणगीसाठी त्यांचा फोन यायचा आणि मी वैतागायचे. "किती मागता हो," असंही एकदा बोलून गेले होते.

यंदा फोन आलाच नाही. म्हणून आज मीच त्यांच्या लकडगंजच्या ऑफिसात गेले. सोबत चेक होता आणि नरखेडकडच्या माझ्या माहेरच्या विहिरीचं बाटलीभर पाणी. गावाजवळ कारखाना सुरू झाल्यापासून त्याला वास येतोय.

तिथल्या ताईंनी चेक हळूच परत सरकवला. "राहू द्या. आता देणगी मागून नाही राहिलो आम्ही. सोय झाली."

"कोणी केली?"

बाटलीवरचं गावाचं नाव त्यांनी वाचलं, पण बाटलीला हातही लावला नाही. "तुमचं गाव यंदा यादीत नाही," एवढंच म्हणाल्या, तेही दाराकडे पाहत.

मागत होते तेच बरं होतं. शंभर जणांपुढे हात पसरणारा कोणा एकाचा मिंधा नसतो. तुम्हाला काय वाटतं?

घरी येऊन आईला फोन केला, ते पाणी पिऊ नको म्हटलं. ती म्हणाली, "चांगलंच असंन वं. खराब असतं तर ते लोक तपासाले आले नसते काय?"