चाकाखालची लिंबं

गाडी रस्त्यावर उभी करायची नाही, हा आमच्या घरातला नियम त्या वर्षी ऑगस्टमध्ये ठरला. चालती असेल तर आपली, तळघरात शटरच्या आत असेल तर आपली, रस्त्यावर उभी राहिली की मात्र हप्तेवाल्यांची. हे ज्ञान नवऱ्याच्या एका पंजाबी मित्राचं. त्याची टॅक्सी हप्ते थकून अशीच गेली होती, त्यामुळे तो या विषयातला जाणकार झाला होता. "भाभी, प्रायव्हेट प्रॉपर्टी में नहीं घुस सकते, आपकी लिखी हुई परमिशन चाहिए. लेकिन स्ट्रीट पे खडी मिली ना, तो गई," असं तो आमच्या जिन्यात, मास्क हनुवटीवर ओढून सांगत होता. मी मुलीला कडेवर घेऊन मान हलवत होते, जणू तो मला भाजीची पाककृती सांगत होता.

इथे परदेशात, हॅरिस पार्क या उपनगरात, आमचा भाड्याचा फ्लॅट होता. नवरा शहरातल्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवर होता. मार्चमध्ये साथीमुळे हॉटेलला कुलूप लागलं. मी एका ट्रॅव्हल एजन्सीत हिशेब बघायची. विमानंच उडेनात तर हिशेब कसले? माझे आठवड्याचे दोन दिवस उरले आणि पगार त्याहून कमी. टीव्हीवर रोज कुठली ना कुठली सरकारी मदत जाहीर व्हायची, पण आम्ही अजून पीआरच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेत होतो. ती मदत आम्ही क्रिकेटचा स्कोअर ऐकावा तशी ऐकायचो.

आणि गाडी. मुलगी झाली तेव्हा जुनी छोटी गाडी विकून आम्ही ही मोठी, करड्या रंगाची घेतली होती. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आम्हाला पाठ होतं. पण केलीव्हिलच्या मित्रांकडे बारशाला, वाढदिवसाला जात राहिलं आणि त्यांच्या ड्राइव्हवेतल्या गाड्या बघत राहिलं, की आपलंही अंथरूण लांब वाटायला लागतं. आम्ही तात्पुरत्या व्हिसावर, त्यामुळे मोठ्या बँकेने दारात उभं केलं नाही. डीलरनेच एक फायनान्स कंपनी गाठून दिली. व्याजाचा आकडा मी दोनदा वाचला होता, पण नवरा म्हणाला, "अगं, दोघांच्या पगारात निघून जाईल." दोघांचे पगार असते तर निघूनही गेलं असतं.

कंपनीने सुरुवातीला थोडे महिने हप्ता थांबवला, आणि थांबवलेल्याचं व्याज मागून लावलं. तोवर आम्ही घरभाड्यासाठी एक कार्ड वापरलं होतं आणि ते कार्ड भरायला दुसरं. अर्धा हप्ता चालेल का म्हणून मी फोन केला. फोनवरची मुलगी फार गोड बोलली. अर्धा चालणार नव्हता. मग शेवटची नोटीस आली, तिची मुदतही संपली, आणि त्यानंतर कंपनीकडून काहीच आलं नाही. या शांततेची मला त्या गोड मुलीपेक्षा जास्त भीती वाटायची.

जुलैपासून नवऱ्याला एक काम मिळालं होतं. आसपासच्या दवाखान्यांतून स्वॅबचे नमुने गोळा करायचे आणि वेस्टमीडच्या लॅबमध्ये पोचवायचे. अट एकच, गाडी स्वतःची हवी. त्या कामावर भाडं निघत होतं, मुलीचं दूध येत होतं. म्हणजे हप्ता द्यायला गाडी हवी, आणि गाडी राहायला हप्ता. हे कोडं कुठल्याही बाजूने सोडवायला घेतलं तरी मी तिथेच येऊन बसायची.

त्यामुळे तो गाडी जपायचा. फक्त दवाखान्यांच्या आवारात थांबायचा. डबा तळघरात परत आल्यावर, स्टिअरिंगमागे बसून खायचा. मी वरून खिडकीतून शटर उघडताना बघायची आणि ते पूर्ण खाली आल्याशिवाय तिथून हलायची नाही. सप्टेंबरच्या शेवटी आमच्या समोरच्या फुटपाथला एक पांढरी यूट, म्हणजे इकडची पिकअप, दिसायला लागली. मागे उघडी, पुढे दोन माणसं. कधी असायची, कधी नसायची. एकदा मुलीला फिरवून आणताना तिने आपणहून हात हलवला, "हाय!" आतल्या माणसाने खिडकी खाली केली. "हाऊ या गोइंग, मेट," तो तिला म्हणाला, आणि मग मला, अगदी सहज, "तुमच्या बिल्डिंगला खाली पार्किंग आहे वाटतं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. स्वतःच्या घराला पार्किंग आहे का हे माहीत नसलेली बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी. "नो वरीज," म्हणून त्याने काच वर केली.

साताऱ्याला सासूबाई एकट्या. त्यांना यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे नवऱ्याचं मत. त्याने त्यांना सांगितलं होतं की हॉटेलने सगळ्यांना वर्क फ्रॉम होम दिलंय. हॉटेलच्या रिसेप्शनवरचा माणूस घरून काय काम करतो, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. तीस वर्षं शाळेत पोरांच्या थापा पकडलेली बाई ती. त्यांच्या न विचारण्याचं आम्हाला नवल वाटायला हवं होतं, पण आम्हाला सुटल्यासारखं वाटलं.

दसरा जवळ आला तशा त्या व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "गाडीची पूजा मला दाखवायची हं. दर वर्षी बघते." दर वर्षी आम्ही पूजा बिल्डिंगसमोर रस्त्यावरच करायचो. यंदा तळघरातही करता येत नव्हती, कारण आधीच्या दिवाळीत खाली कोणीतरी धूप लावला, अलार्म वाजला, अग्निशमनची गाडी आली आणि तिचं बिल बिल्डिंगवर आलं. तेव्हापासून खाली साधी उदबत्तीही बंद.

"आईंना सांग, यंदा घरातच किल्लीची पूजा करतो," मी म्हटलं.

"का म्हणून विचारेल. मग काय सांगू?"

"खरं सांग."

त्याने मुलीची बाटली धुवायला घेतली. मग म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे गं. माळ, नारळ, आरती, की गाडी खाली."

मी हट्टाने नाही म्हणू शकले असते. तसं म्हटलं नाही, याचं कारण सासूबाई नव्हत्या. मला स्वतःलाच ती पूजा हवी होती. त्या वर्षी जे जे वाईट होण्यासारखं होतं ते होत चाललं होतं, आणि त्यात आपण दसऱ्याला चाक पूजलं नाही आणि उद्या काही झालं, तर? हप्तेवाल्यांची भीती वाटत होती तशीच, किंवा जरा जास्तच, मला न केलेल्या पूजेची भीती वाटत होती. एवढी शिकलेली मी, पण घाबरलं की आमच्या शिक्षणाचं असंच होतं.

दसऱ्याला दुपारी ऊन छान होतं. जॅकरांडा फुलायला लागला होता. दुकानात झेंडू सोन्याच्या भावाने होता, तरी मी घेतला. आपट्याऐवजी इथे सगळे बागेतल्या कांचनाची पानं आणतात, तीही आणली. नवऱ्याने शटर उघडून गाडी वर आणली आणि फुटपाथला लावली. मी रस्ता दोन्हीकडे नीट पाहिला. पांढरी यूट नव्हती.

फोन कंपाउंडच्या भिंतीला टेकवून ठेवला. त्यातून सासूबाई सूचना देत होत्या. "स्वस्तिक जरा मोठं काढ गं. बाळा, डावीकडून माळ घसरलीय बघ." चारी चाकांखाली लिंबं ठेवली. किल्ली पूजेच्या ताटात ठेवून तिला हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. मुलगी मागच्या तिच्या सीटवर बसून टाळ्या वाजवत होती. नवऱ्याने नारळ फोडला, तो पहिल्या फटक्यात सरळ फुटला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आरती सुरू केली आणि कोपऱ्यावरून यूट वळली.

ती घाईने आली नाही. सावकाश येऊन आमच्या गाडीच्या मागे थांबली. दोघं उतरले. नवऱ्याने त्यांना पाहिलं, मी पाहिलं, आणि आम्ही दोघंही आरती म्हणत राहिलो. आरती मधेच तोडायची नसते एवढंच तेव्हा डोक्यात होतं. त्यातल्या वयस्कर माणसाने टोपी काढून हातात धरली. ते दोघं आरती संपेपर्यंत तसेच उभे राहिले. मी मुद्दाम सगळी कडवी म्हटली, दोन तर पुन्हा म्हटली. शेवटी कडवी संपली.

"सॉरी, मेट," तो म्हणाला आणि त्याने ओळखपत्र दाखवलं. "आम्ही का आलोय ते तुला ठाऊक आहे."

नवऱ्याने हळू आवाजात त्याला सांगितलं, उद्या सकाळी मला दवाखान्यांत जायचंय, माझं काम याच गाडीवर आहे. त्याने नीट ऐकून घेतलं. असं रोजच ऐकत असणार. "आय हिअर या," म्हणाला, आणि हात पुढे केला. किल्ली ताटात होती, माझ्या हातातल्या. मी ताट मागे घेतलं. लहान मूल खेळणं मागे घेतं तसं.

भिंतीवरून आवाज आला, "कोण आलंय रे?"

आम्ही फोन विसरलोच होतो. नवऱ्याने वळून बघितलं आणि हसरा चेहरा केला. तो चेहरा मला अजून बघवत नाही.

"काही नाही, आई. सर्व्हिसिंगवाले आलेत. गाडी सर्व्हिसिंगला न्यायचीय."

फोनमध्ये सासूबाईंनी चष्मा नीट केला आणि त्या पडद्याजवळ वाकल्या. मग त्या म्हणाल्या, "बरं. लेकराची खुर्ची तेवढी काढून घ्या आधी."

सर्व्हिसिंगला जाणाऱ्या गाडीतून कोणी सीट काढत नाही. नवऱ्याचं हसू तसंच राहिलं आणि डोळे भरून आले. "हो, आई," तो म्हणाला. कॉल मात्र त्यांनी बंद केला नाही.

मी मुलीला उचललं. नवऱ्याने सीटचे पट्टे सोडवायला घेतले, पण ते सुटेनात, शेवटी त्या दुसऱ्या माणसानेच ती सोडवून फुटपाथवर ठेवली. मी ताट पुढे केलं. वयस्कर माणसाने अक्षतांमधून किल्ली उचलली, अंगठ्याला लागलेल्या कुंकवाकडे जरा बघितलं आणि ते पँटला पुसलं.

स्वस्तिक आणि माळेसकट त्याने गाडी सुरू केली. गाडी पुढे सरकली आणि चारी लिंबं फुटली. पूजेत ती तशीच फुटायची असतात. माझ्या तोंडून, सवयीने, नमस्काराचे शब्द निघाले.

गाडी वळेपर्यंत मुलगी माझ्या कडेवरून उतरून फुटपाथवरच्या सीटमध्ये जाऊन बसली होती. तिने दोन्ही हात पट्ट्यांतून घातले आणि वर बघितलं.

"बाबा, बेल्ट. लेट्स गो."

त्याने वाकून तिचा पट्टा लावला.